दिलेलं परत कोण घेऊ शकतं?

चि. सई हिस,


तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फ्लॅटमधल्या त्या ग्लासगोच्या मुलीशी तुझी चांगलीच जुंपलेली दिसते. तू म्हणालीस, स्कॉटलंड म्हणजे आमच्या महाराष्ट्रासारखंच एक राज्य, तुमचा फर्स्ट मिनिस्टर म्हणजे आमचा मुख्यमंत्री. ती उसळून म्हणाली, आम्ही राज्य नाही, देश आहोत. आणि लगेच पुढे म्हणाली, पण तुमच्या राज्याला आमच्याहून जास्त अधिकार आहेत. ही दोन वाक्यं एकाच तोंडातून कशी निघतात हे तुला कळेना, म्हणून ‘मामा, तू आयुष्यभर जिल्हा परिषदेत फायली हलवल्यास, आता तूच सांग’ असं फर्मान आलं. सांगतो. फोनवर सांगायला घेतलं तर तू मध्येच ‘बरं मामा, लेक्चर आहे’ म्हणून ठेवून देशील, तेव्हा लिहूनच पाठवतो.

तुझ्याच कागदपत्रांपासून सुरू करू. तुझा व्हिसा लंडनच्या गृहखात्याने दिला. त्याबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलास, तोही लंडनला. पण थंडीत घसा धरला तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या दुकानातून फुकट मिळाल्या, ती कृपा एडिंबरातल्या स्कॉटिश सरकारची. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्यांना एकेका औषधामागे दहा पौंडांच्या आसपास मोजावे लागतात. स्कॉटलंडने ही आकारणी एप्रिल २०११ मध्ये बंद केली. तुझ्या विद्यापीठातली स्कॉटिश मुलं पहिल्या पदवीला फी भरत नाहीत, इंग्लंडमधली वर्षाला नऊ हजारांहून जास्त पौंड भरतात. दारूच्या दुकानात तिथे किमान भाव ठरलेला आहे, मद्यार्काच्या दर युनिटला ६५ पेन्सच्या खाली विकायचं नाही. इंग्लंडमध्ये असं काही नाही. (तू घेत नाहीस, ठाऊक आहे. दुकानावरून जाता-येता पाट्या वाचल्या असशील.)

हे सगळं पाहून कोणीही म्हणेल, हे तर सरळ संघराज्य. त्यात आणखी एक गंमत आहे. १९९८ च्या स्कॉटलंड ॲक्टमध्ये लंडनने स्वतःकडे ठेवायच्या विषयांची यादी केली: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, इमिग्रेशन वगैरे. त्या यादीत जे नाही ते आपोआप होलिरूडच्या, म्हणजे एडिंबरातल्या स्कॉटिश पार्लमेंटचं. आपल्याकडे नेमकं उलट. सातव्या अनुसूचीतल्या तिन्ही याद्यांत न बसणारा विषय अनुच्छेद २४८ प्रमाणे केंद्राकडे जातो. म्हणजे पुस्तकं ज्याला एकात्म राज्य म्हणतात तिथे उरलंसुरलं सगळं प्रांताला, आणि ज्याला संघराज्य म्हणतात तिथे ते दिल्लीला. शाळेत ‘फरक स्पष्ट करा’ आलं की आपण मधोमध रेघ मारून दोन रकाने भरायचो आणि मार्क घ्यायचो. त्या रेघेची ही अवस्था.

माझ्या मते किती अधिकार दिले याची मोजदाद करत बसण्यात अर्थ नाही. विचारायचं एवढंच, की दिलेलं परत घेता येतं का, कोणाला, आणि घेताना त्याला कोण अडवतं. त्याच स्कॉटलंड ॲक्टच्या २८ व्या कलमात एक छोटं पोटकलम आहे. स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटच्या अधिकाराला या कलमामुळे बाधा येत नाही, असं ते सांगतं. बाकी सगळी कलमं देणारी आहेत, ही एक ओळ देणाऱ्याचा हात मोकळा ठेवणारी. एकात्म राज्य ओळखायचं ते अशा ओळीवरून.

तो हात चालतो कसा, हे बघायचं असेल तर सुट्टीत लंडनला जाशील तेव्हा वेस्टमिन्स्टर पुलावर उभी राहा. एका काठाला पार्लमेंट, समोरच्या काठाला काउंटी हॉल ही दगडी कमानदार इमारत. १९८१ मध्ये तिथे बसणाऱ्या ग्रेटर लंडन कौन्सिलवर लेबर पक्षाची सत्ता आली आणि केन लिव्हिंगस्टन प्रमुख झाले. पलीकडे पार्लमेंटात पंतप्रधान मार्गारेट थॅचर. लिव्हिंगस्टननी बस आणि ट्यूबची भाडी उतरवली. प्रकरण कोर्टात गेलं आणि हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी ती योजना बेकायदा ठरवली. मग कौन्सिलने इमारतीच्या छतावर लंडनमधल्या बेकारांचा आकडा मोठ्या अक्षरांत लावला, नदीपलीकडून खासदारांना चहा पितानाही दिसेल असा. आकडा वाढला की फलक बदलायचा. थॅचरबाईंच्या पक्षाने १९८३ च्या जाहीरनाम्यातच ही कौन्सिल मोडायचं कबूल केलं होतं. १९८५ ची कौन्सिलची निवडणूक रद्द झाली, त्याच वर्षी कायदा झाला, आणि ३१ मार्च १९८६ च्या मध्यरात्री लंडन शहराचं सरकार संपलं. त्याच कायद्याने मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, लीड्स अशा मोठ्या शहरांच्या भोवतालच्या सहा महानगर कौन्सिलीही गेल्या. राज्यघटना दुरुस्त करावी लागली नाही, लंडनकरांना कोणी विचारलं नाही, कोर्टाने अडवायचा प्रश्नच नव्हता. पार्लमेंटमध्ये साधं बहुमत, बस्स. पुढची १४ वर्षं एवढ्या मोठ्या राजधानीला शहरभराचं असं निवडून आलेलं सरकार नव्हतं. २००० मध्ये महापौरपद निर्माण झालं आणि पहिलाच महापौर कोण, तर लिव्हिंगस्टन, तेही अपक्ष! काउंटी हॉलमध्ये आता हॉटेल आणि मत्स्यालय आहे.

त्याच्याही आधी उत्तर आयर्लंडची गोष्ट. स्टॉरमाँटचं पार्लमेंट १९२१ पासून चालत आलेलं. मार्च १९७२ मध्ये हिंसाचार हाताबाहेर गेल्यावर लंडनने ते स्थगित केलं आणि पुढच्या वर्षी कायमचं मोडीत काढलं. ते पार्लमेंट सज्जनांचं होतं असं नाही, कॅथलिकांना त्याने काय वागणूक दिली हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण पन्नास वर्षं जुनं पार्लमेंटही असं मोडता येतं, हे तुझ्या फ्लॅटमधल्या मुलीला पक्कं ठाऊक असणार. तिच्या दुसऱ्या वाक्याच्या मुळाशी तेच आहे.

मग होलिरूड का मोडत नाहीत? त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. आपल्या गिरगावातल्या चाळीत पागडीचा भाडेकरू असतो ना, तसं ते आहे. कागदोपत्री इमारत मालकाची, पण तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला बाहेर काढायची मालकाची छाती होत नाही. सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४ टक्के स्कॉटिश मतदारांनी स्वतःचं पार्लमेंट हवं म्हणून कौल दिला. त्यावर पाय देणारा पंतप्रधान दुसऱ्या दिवशी स्कॉटलंड गमावून बसेल. २०१६ मध्ये तर वेस्टमिन्स्टरनेच कायद्यात लिहून टाकलं, की हे पार्लमेंट कायमचं आहे आणि स्कॉटिश जनतेच्या सार्वमताशिवाय रद्द होणार नाही. आता हा कायदाही साध्या बहुमतानेच झालेला, म्हणून त्याची ताकद किती यावर वकील मंडळी वाद घालत असतात. राजकारणात मात्र तो वाद संपलेला आहे.

भाडेकरूला काढता येत नाही, पण मालक अधूनमधून आठवण करून देतोच. होलिरूडच्या विषयांत वेस्टमिन्स्टर ‘सर्वसाधारणपणे’ संमतीशिवाय कायदा करणार नाही, असा संकेत आहे. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा राजकीय संकेत आहे, आम्ही त्याची अंमलबजावणी करून देऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी ब्रेक्झिटच्या कायद्याला होलिरूडने संमती नाकारली आणि लंडनने तो तरीही मंजूर केला. लक्षात घे, ब्रेक्झिटच्या सार्वमतात स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपात राहायचं म्हटलं होतं. २०१४ चं स्वातंत्र्याचं सार्वमत झालं ते लंडनने तात्पुरता अधिकार दिला म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, की तसा अधिकार दिल्याशिवाय होलिरूड स्वतःहून सार्वमत घेऊ शकत नाही. आणि जानेवारी २०२३ मध्ये, होलिरूडने मोठ्या बहुमताने मंजूर केलेलं लिंगओळखीबाबतचं विधेयक लंडनच्या मंत्र्याने ३५ वं कलम वापरून राजाच्या संमतीआधीच अडवलं. विधेयक चांगलं की वाईट हा भाग सोड. ते कलम तोवर कधी वापरलं नव्हतं, वापरलं तेव्हा एडिंबराच्याच कोर्टाने ते ग्राह्य धरलं.

आता तू म्हणशील, म्हणजे आपलं बरं. महाराष्ट्राचे अधिकार घटनेत लिहिलेले आहेत, दिल्लीला ते साध्या कायद्याने काढता येत नाहीत. सातव्या अनुसूचीतल्या याद्या बदलायच्या तर संसदेत विशेष बहुमत लागतं आणि वर निम्म्या राज्यांची मान्यता. खरं आहे. राज्याचे अधिकार घटनेने राखलेले आहेत. राज्य मात्र राखलेलं नाही. अनुच्छेद ३ वाच. कोणत्याही राज्याच्या सीमा बदलणं, त्याचे तुकडे करणं, दोन राज्यं एक करणं, नाव बदलणं हे सगळं संसदेला साध्या बहुमताने करता येतं. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं, एवढंच बंधन. ते मत मानायचं बंधन नाही.

आणि या कलमाचा पहिला मोठा धडा आपल्यालाच मिळाला. १९५६ चं राज्य पुनर्रचना विधेयक मुंबई विधिमंडळाकडे मतासाठी आलं तेव्हा त्यात तीन भाग होते: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. मुंबई तोडायची या विचारावरूनच चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. पुढे संसदेत ते तीन भाग एक झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला गुजराती-मराठी असं द्वैभाषिक राज्य आलं. नागपूरचे बाबूलाल पराते कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: विधिमंडळापुढे आलेला प्रस्ताव एक आणि मंजूर झाला भलताच, मग आमचं मत पुन्हा का मागवलं नाही? सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये निकाल दिला, पुन्हा मागवायची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्र झाला तो रस्त्यावरच्या लढ्याने, शंभरावर हुतात्म्यांनी आणि १९५७ च्या मतपेट्यांनी. घटनेतल्या कुठल्याही कलमाने आपल्याला तो मिळवून दिला नाही. १९६० मध्ये संसदेने ज्या कायद्याने दिला, तो कायदाही अनुच्छेद ३ खालचाच.

पुढचं तू जाणतेस. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं आणि तीन आठवड्यांत संसदेने ते मंजूर करून तेलंगणा केला. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले तेव्हा तिथे विधानसभाच अस्तित्वात नव्हती, तिच्या वतीने मत संसदेनेच दिलं. अमेरिकेत हे घडू शकत नाही. तिथे टेक्सासच्या विधिमंडळाने हो म्हटल्याशिवाय टेक्सासचा तुकडा पाडून नवं राज्य करता येत नाही, आणि चिमुकल्या वायोमिंगच्या सिनेटमधल्या दोन जागा त्याच्या संमतीवाचून घटनादुरुस्तीनेही काढता येत नाहीत.

मग आपले घटनाकार घाबरट होते का? अजिबात नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना हे मुद्दाम केल्याचं सांगितलं: हा संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणाला फुटून जायचा हक्क नाही, आणि ही घटना वेळ पडेल तशी एकात्म किंवा संघात्मक अशी दोन्ही प्रकारे वागू शकेल. त्याच भाषणात त्यांनी खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांची कानउघाडणी केली होती. गावातली सत्ता गावच्या बलदंडांच्या हातात गेली तर गावकुसाबाहेरच्यांनी दाद कुणाकडे मागायची, हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेकडे बघ म्हणजे त्याची धार कळेल. तिथे दक्षिणेतल्या राज्यांनी ‘राज्यांचे हक्क’ याच नावाखाली काळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या शाळांत आणि वेगळ्या बाकांवर बसवलं. १९५७ मध्ये आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना पाऊल ठेवता यावं म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवरना थेट लष्कर पाठवावं लागलं, कारण राज्याचा गव्हर्नरच दार अडवून बसला होता. तेव्हा सत्ता जवळ आली म्हणजे भली झाली, हे मला कोणी सांगू नये. जिल्हा परिषदेत आयुष्य काढलेल्या माणसाला तर नाहीच नाही.

एकात्म म्हणजे सगळं राजधानीतून चालतं, हाही गैरसमज आहे. स्वीडन एकात्म देश आहे. पण तिथल्या २९० नगरपालिका आणि प्रादेशिक विभाग मिळून माणसाच्या उत्पन्नावर सरासरी ३२ टक्क्यांच्या घरात कर लावतात. बहुतेकांना देशाच्या सरकारला वेगळा आयकर द्यावाच लागत नाही. शाळा, पाळणाघरं, म्हाताऱ्यांची देखभाल हे सगळं त्या पैशातून. आमच्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

आणि आता मी ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. मराठी माणसाच्या रोजच्या आयुष्यातलं एकात्म राज्य लंडनमध्ये नाही. ते मंत्रालयात आहे. दिल्ली आमचे पैसे अडवते, राज्यपाल आमची विधेयकं अडवतात, अशी ओरड आपण करतो, आणि ती पुष्कळदा रास्तही असते. पण तेच आपण आपल्या शहरांना आणि जिल्ह्यांना करतो तेव्हा कोणाला काही वाटत नाही. महापालिकेचा ठराव सरकारला खुपला की महापालिका अधिनियमाचं ४५१ वं कलम बाहेर येतं आणि ठराव ‘विखंडित’ होतो. लंडनच्या मंत्र्याने स्कॉटलंडच्या बाबतीत तसं एकदा केलं तर जगभर बातम्या झाल्या. इथे तसं पत्र आलं की कनिष्ठ लिपिक ते आवक-जावक नोंदवहीत चढवतो आणि पुढच्या फायलीकडे वळतो. जिल्हा परिषदेत तशी नोंद करणारा मीही होतो.

वाईट याचं वाटतं, की महाराष्ट्राने सुरुवात झकास केली होती. वसंतराव नाईक समितीने जिल्हा परिषदेला खरा कारभार द्यावा म्हटलं, यशवंतरावांनी ते मानलं, कलेक्टरला मुद्दाम बाहेर ठेवलं आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती, सगळं त्यांच्याकडे. देशभरातून लोक बघायला यायचे. पुढे एकेक योजना, एकेक खातं मुंबईला परत गेलं, जिल्ह्याच्या विकासनिधीची चावी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या नियोजन समितीकडे गेली. कोणी कायदा करून जिल्हा परिषद मोडली नाही, शासन निर्णयांनीच ती आतून रिकामी केली. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना २९ आणि नगरपालिकांना १८ विषयांची यादी दिली, पण त्यातलं प्रत्यक्षात काय सोपवायचं हे राज्यावर सोडलं.

त्या दुरुस्तीने एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली होती: मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात, निवडणुका लांबणीवर, सगळीकडे प्रशासक. सभागृहाला कुलूप. पूर्वी सर्वसाधारण सभेत एखादी सदस्य पदर खोचून ‘आमच्या केंद्रात डॉक्टर कधी येणार ते आत्ता सांगा’ म्हणून टेबलावर हात आपटायची. तिचा त्रास व्हायचा, पण डॉक्टर यायचा. प्रशासकांच्या बैठकीत कोणी टेबलावर हात आपटत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तरी मुंबईकरांना मत द्यायला जानेवारी २०२६ उजाडलं. थॅचरबाईंना लंडनचं सरकार घालवायला निदान पार्लमेंटात कायदा करावा लागला होता.

तेव्हा तुझ्या मैत्रिणीला सांग, तुझी दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. स्कॉटलंड देश आहे म्हणूनच त्याचं पार्लमेंट कागदावर कच्चं असूनही टिकलं आहे. त्याच्यामागे उभे राहणारे लोक आहेत. महाराष्ट्राचे अधिकार कागदावर स्कॉटलंडच्या अधिकारांपेक्षा पक्के आहेत, पण तो कागद मुंबईत येऊन थांबतो, पुढे जिल्ह्यात उतरत नाही. याबद्दल मी दिल्लीला दोष देणार नाही.

आता तुला एक काम. भारतीय नागरिक म्हणजे राष्ट्रकुलातली, त्यामुळे तिथे राहतेस तोवर तुला वेस्टमिन्स्टर, होलिरूड आणि एडिंबराची नगर कौन्सिल अशा तिन्ही निवडणुकांत मत देता येतं. होलिरूडला दोन मतपत्रिका मिळतात, एक मतदारसंघातल्या उमेदवारासाठी आणि दुसरी विभागाच्या यादीसाठी. १२९ पैकी ५६ सदस्य त्या दुसऱ्या मतपत्रिकेवरून निवडून येतात, म्हणून ती कोरी टाकू नकोस. नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. परीक्षा सुरू व्हायच्या आत भर, आणि फ्लॅट बदललास तर नव्या पत्त्यावर पुन्हा भर.

तुझा,
मामा